वेलांटी आधी

नगरला चितळे रोडच्या मागच्या बोळात एक छापखाना होता. शाळेच्या सुट्टीत मी तिथं अक्षरांचे खिळे जुळवायला जायचो. पहिला शब्द मिळाला ‘शुभविवाह’. लग्नसराईत दुसरा कुठला मिळणार?

डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर दोन आणि बाजूंना दोन अशा खिळ्यांच्या खणांच्या चार केसी. खिळा उलटा धरायचा, खाच वर. टाइप अखंड, त्यामुळे ‘शु’ उकारासकट एकाच खिळ्यावर. मग ‘भ’. पुढे मी ‘व’ उचलला, तर कंपोझिटर काका म्हणाले, “तोंडानं काय म्हणतो ते सोड. आधी वेलांटी.” तिचा वरचा बाक खिळ्याच्या अंगाबाहेर येतो आणि शेजारच्या ‘व’वर टेकतो. जरा जोर लागला की तुटतो. त्या दुपारी मी दोन तोडले. काका बोलले नाहीत, तुकडे भंगाराच्या डब्यात टाकले.

तुटकी शिरोरेषा मात्र त्यांना सोसायची नाही. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा घेऊन येतं, आणि ते तुकडे जुळले तरच ओळ होते. खिळ्यातलं शिसं मऊ. अँटिमनी घालून कडक केलं तरी कडा झिजतातच. मग प्रुफात रेघेला भेगा दिसतात. काका भिंगाखाली एकेक झिजका खिळा चिमट्यानं काढून बदलायचे. पत्रिका वाचणाऱ्याला ते कधीच कळलं नसतं.

अखंड टाइपाहून वेगळी तऱ्हाही होती: मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहमनी ‘डिग्री’ टाइप रुळवला. त्यात मात्रा वरच्या थरात, उकार खालच्या थरात, सगळे वेगळे जुळवायचे. खिळे कमी, कटकट जास्त. याच मिशननं १८४२ मध्ये आमच्या नगरात ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. आणि ग्रॅहमच्याच हाताखाली लहानपणी टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या त्याच्या अक्षरांपुढे आजचे कितीतरी फॉन्ट मला उपाशी वाटतात. काने बारीक, पोटं खपाटीला.

आमचा बोळातला छापखाना आता नाही. खिळे किलोवर गेले.

परवा भाचीची पत्रिका संगणकावर केली. ‘लग्न’मधला ‘ल’ दंडाचा, ‘शुभ’मधला ‘श’ गाठीचा. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणं. २००९ च्या शासन निर्णयातही तीच आहेत. डीटीपीवाला मुलगा म्हणाला, “काका, फॉन्टच तसा आहे.” तसा नव्हता. भाषेच्या रकान्यात हिंदी होतं. मराठी निवडलं, आणि पत्रिकेतल्या सगळ्या ‘ल’नी पाकळ्या उघडल्या. मुलानं खुर्ची पुढं ओढली आणि शेजारच्या दुकानाची फाईलही उघडली.