परके जीव, आपले पाणी – लेखांक ६ : गोदीत उतरलेला शिंपला

मागच्या लेखांकात उल्हास नदीवर मोहन्याच्या आसपास पसरणाऱ्या जलपर्णीची माहिती घेतली. जलपर्णी निदान उघड्यावर वाढते. पुलावरून जाणाऱ्या कुणालाही ती दिसते, पालिकेकडे निवेदने जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो, मग यंत्र येते. आजचा पाहुणा असा नजरेत भरणारा नाही. तो जहाजाच्या तळाला, धक्क्याच्या खांबाला, पाइपाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो. पंप धापा टाकू लागला की मग त्याचा पत्ता लागतो.

या कुळातला सर्वांत बदनाम जीव म्हणजे झेब्रा शिंपला. मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. मालवाहू जहाजे तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडून देतात. त्या पाण्यातून तो अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत पोचला आणि १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. पुढच्याच वर्षी मिशिगन राज्यातल्या मन्रो या गावाचा पाणीपुरवठा बंद पडला, कारण सरोवरातून पाणी उचलणाऱ्या पाइपाचे तोंड शिंपल्यांनी चोंदले होते. नदीचे पाणी उचलून शहराला पुरवणारी केंद्रे कल्याणातही आहेत, म्हणून ही घटना आपल्याला परकी वाटू नये.

झेब्रा शिंपला भारतात रुजल्याची नोंद नाही. त्याचा चुलतभाऊ मात्र मुंबईत येऊन पन्नास वर्षे उलटली. काळ्या पट्ट्यांचा हा शिंपला, शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली, मूळचा कॅरिबियन समुद्राकाठचा. भारतात तो प्रथम १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला. १९७५ पर्यंत मुंबईतल्या संशोधकांनी भारतीय बंदरांतला नवा आगंतुक म्हणून त्याच्यावर शोधनिबंधही लिहिला. हे काम नौदलाच्या मुंबईतल्या रसायन व धातुशास्त्र प्रयोगशाळेत झाले, कारण युद्धनौकांच्या तळाला काय चिकटते हा नौदलाच्या रोजच्या खर्चाचा प्रश्न होता. तळाला शिंपले वाढले की जहाजाचा वेग घटतो, इंधन जास्त जळते आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या तुंबतात. तीच प्रयोगशाळा आज नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा या नावाने आपल्या अंबरनाथला आहे.

हा शिंपला ओळखायचा कसा? पूर्ण वाढलेला जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. लहानपणी अंगावर गडद-फिकट वाकडेतिकडे पट्टे असतात, मोठेपणी तो मळकट तपकिरी होतो आणि कोवळ्या शिनाण्यासारखा भासतो. रिकामा शिंपला हातात घ्या, उघडा आणि टोकदार बाजूला आत पाहा. तिथे कोपऱ्यात एक छोटी पांढरी फळी आडवी बसवलेली दिसते. शिनाण्यात ती नसते. झेब्रा शिंपल्यात मात्र असते, आणि दोघांचे कूळ एक असल्याची ती खूण आहे. दुसरी खूण बाहेरची. हा कधी एकटा सापडत नाही. एकावर एक असे त्यांचे घोस लगडलेले असतात आणि प्रत्येक जण चिवट तंतूंनी शेजाऱ्याला बांधलेला असतो.

आता आपल्या नदी-तळ्यांतले मूळचे शिंपले पाहा. त्यातला सर्वांत परिचित लॅमेलिडेन्स, तळहाताएवढा वाढणारा, काळपट तपकिरी. तो चिखलात अर्धा रुतून राहतो, मोठेपणी कशालाही चिकटत नाही. त्याची पिल्ले माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस काढतात आणि मगच तळाशी उतरतात. म्हणजे मासा नसेल तर पुढची पिढी नाही. नदीतले मासे मेले की काही वर्षांनी शिंपलेही संपतात. आगंतुकाला असली अडचण नाही. मादी अंडी थेट पाण्यात सोडते, डोळ्यांना न दिसणारी पिल्ले काही दिवस प्रवाहाबरोबर तरंगतात, मिळेल त्या कठीण पृष्ठभागावर बसतात आणि महिनाभरात स्वतः प्रजननाला तयार होतात. देशी शिंपल्याला मासा लागतो, याला फक्त पाणी लागते. एवढ्या एका फरकामुळे तो दर वेळी पुढे निघून जातो.

ठाण्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मायटिलॉप्सिस समुद्राहून खारट पाण्यातही जगतो आणि जवळजवळ गोड्या पाण्यातही तग धरतो. पावसाळ्यात गोडे, उन्हाळ्यात खारे आणि बारमाही गढूळ अशा खाडीत बहुतेक जीव टिकाव धरत नाहीत, हा धरतो. मुंबई बंदर, ठाण्याची खाडी आणि उल्हासचे मुख हे पाण्याच्या दृष्टीने एकच घर आहे. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत गेले ते तिथल्या चिखलपट्ट्यांच्या आणि पक्ष्यांच्या जोरावर. ओहोटीला त्याच चिखलात निवटे, चिंबोऱ्या आणि खुबे शोधणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांचे पोटही त्याच तळावर अवलंबून आहे.

मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वर, जिथले पाणी आपण पितो, तिथे मात्र धोका दुसऱ्या जातीचा आहे. सोनेरी शिंपला, लिम्नोपर्ना फॉर्च्युनी, हा निव्वळ गोड्या पाण्यातला आणि मूळचा चीन व आग्नेय आशियातला. १९९१ मध्ये तो अर्जेंटिनात रिओ दे ला प्लाता इथे सापडला. तिथून प्रवाहाच्या उलट चढत २००१ मध्ये तो ब्राझील-पराग्वे सीमेवरच्या इताइपू या प्रचंड जलविद्युत धरणापर्यंत पोचला. शिंपला स्वतः उलटा पोहत नाही. होड्यांनी त्याला वर नेले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो कॅलिफोर्नियातही सापडला. भारतात त्याची नोंद नाही. पण त्याला उष्ण पाणी चालते, आणि तरंगत्या वनस्पतींच्या मुळांनाही तो चिकटतो. उल्हासवर जलपर्णीच्या मुळांचा किती पसारा आहे हे मागच्या आठवड्यात आपण पाहिलेच.

काही वाचक विचारतील, शिंपले पाणी गाळतात, मग आमची घाण पाण्याची नदी साफ झाली तर बरेच नाही का? झेब्रा शिंपला दिवसाला साधारण एक लिटर पाणी गाळतो आणि पाणी नितळ होते, हे खरे आहे. पण त्यातून जाते ते सूक्ष्म शेवाळ, म्हणजे माशांच्या पिल्लांचे अन्न. अमेरिकेतल्या सरोवरांत तर असे आढळले, की विषारी नीलहरित शेवाळ हे शिंपले थुंकून टाकतात आणि बाकीचे खातात, त्यामुळे नको तेच माजते. सांडपाणी, कारखान्यांची रसायने यावर शिंपल्याकडे काही उपाय नाही. गाळण्याचे काम देशी शिंपले पूर्वापार करतच आले आहेत, आपण त्यांना नदीत जगू दिले तर.

एकदा बस्तान बसले की हा पाहुणा हुसकता येतो का? जगात एक ठळक यश आहे. ऑस्ट्रेलियात डार्विन इथल्या नौका ठेवण्याच्या गोद्यांत १९९९ च्या मार्चमध्ये आपल्याकडचाच काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता आणि आता दर चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त शिंपले होते. सरकारने गोद्या बंद केल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले, तिथून बाहेर पडलेल्या शेकडो नौका शोधून तपासल्या. महिनाभरात शिंपला संपला. गोदीतले इतर जीवही बहुतेक मेले. हे जमले ते एकाच कारणाने. त्या गोद्यांना पाणी अडवणारे दरवाजे होते. ठाण्याच्या खाडीला दरवाजा नाही आणि उल्हासच्या पाण्यात विष ओतण्याची कल्पनाही करता येणार नाही.

म्हणून आपल्या हातात एकच गोष्ट उरते, येण्याच्या वाटेवर पहारा. ती वाट आता रुंद होते आहे. २०१६ च्या कायद्याने वसई खाडी आणि उल्हास नदी मिळून कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, कल्याण अशा ठिकाणी जेट्ट्यांचे आराखडे आहेत. रेल्वेच्या गर्दीत रोज चेंगरणाऱ्या माणसाला जलमार्ग हवाच आहे, आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण बंदरातून कल्याणकडे येणाऱ्या प्रत्येक बोटीचा तळ ठरावीक मुदतीने जमिनीवर काढून खरवडला जाईल, खरवडलेला माल पुन्हा पाण्यात जाणार नाही आणि जेट्टीच्या खांबांची दर वर्षी पाहणी होईल, एवढ्या तीन अटी करारात आजच घातल्या पाहिजेत. पाहणीचा खर्च पाइप खरवडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

दुसरी वाट आपल्या दिवाणखान्यातून जाते. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या दुकानांत काचपेट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत जिवंत झेब्रा शिंपले निघाले आणि तो माल देशभरातून परत मागवावा लागला. पेटीतले मासे, गोगलगायी, वनस्पती किंवा नुसते पाणी मासुंदा, उपवन, कचराळी किंवा कल्याणच्या काळा तलावात सोडू नका. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, पेटीचे पाणी कुंडीतल्या झाडांना घाला. एका तळ्यातले जाळे किंवा गळ दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. आणि धक्क्याच्या खांबावर, दोरखंडावर किंवा पंपाच्या जाळीवर नखाएवढ्या शिंपल्यांचा घोस दिसला तर फोटो काढून जागेच्या नोंदीसह मत्स्यव्यवसाय विभागाला आणि पालिकेला कळवा. पहिला घोस वेळेवर सापडला तरच पुढचे काही करता येते.

(पुढील लेखांक : २००० साली बंदी घातलेला थाई मांगूर)