कुवेतला बिऱ्हाड न्यायचं म्हणता?

मैत्रिणींनो, मध्यंतरी सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, “ह्यांना कुवेतची नोकरी चालून आली आहे. पगार सहाशे दिनार. मी इथे शाळेत शिक्षिका आहे, मुलगी सातवीत. नोकरी सोडून बरोबर जावं की इथेच राहावं? मुळात तो देश आहे तरी कसा, हे कुणी धड सांगत नाही. एजंट म्हणतो, वहिनी, तिकडे नुसतं सोनं आहे!”

एजंटाच्या सोन्याकडे नंतर वळू. मी स्वतः अकरा वर्षं कुवेतमध्ये संसार केला, तेव्हा त्या देशाची ओळख करून द्यायचा थोडाफार हक्क मला पोचतो.

आधी नकाशा काढा. इराण, इराक आणि सौदी अरेबिया या थोरल्या मंडळींच्या मध्ये, आखाताच्या अगदी टोकाशी हा चिमुकला देश बसला आहे. क्षेत्रफळ सतरा हजार आठशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याहून जेमतेम मोठा! वस्ती पन्नास लाखांच्या जवळ, आणि त्यातले खुद्द कुवेती एक-तृतीयांशसुद्धा नाहीत. बाकी सगळे तुमच्याआमच्यासारखे पोटासाठी आलेले. त्यात भारतीयच दहा लाखांच्या घरात. त्यामुळे भाषेवाचून अडेल ही भीती नको. भाजीवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत कुणीतरी हिंदी किंवा मल्याळी बोलणारं भेटतंच.

नदी मात्र एकही नाही. पाऊस वर्षाकाठी सरासरी एकशे दहा-वीस मिलीमीटर. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला होता, म्हणजे कुवेतचा जवळजवळ आठ वर्षांचा पाऊस आपल्याकडे एका दिवसात! म्हणूनच तर आखातातली अरब कुटुंबं एके काळी ऐन पावसाळ्यात मुंबईला येऊन राहायची. आपण छत्र्या मिटत पावसाला नावं ठेवायची आणि ते मरीन ड्राइव्हवर भिजत उभे!

मग पाणी कुठून? पूर्वी इराककडच्या शत्त-अल-अरब नदीचं गोडं पाणी गलबतांतून आणायचे आणि गाढवांवर लादून घरोघर विकायचे. सरकारने समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला मोठा कारखाना उभारला तो १९५३ मध्ये. आज नळाला येतं ते बहुतेक सारं असंच, समुद्रातून काढलेलं. कुवेत शहराच्या चित्रात ते निळ्या टिकल्यांच्या गोलांचे मनोरे दिसतात ना, ते १९७९ साली खुले झाले. त्यातला मोठा गोल केवळ शोभेचा नाही, अर्ध्या भागात पाण्याची टाकी आहे. ज्या गावात पाणी दुर्मीळ, तिथे पाण्याच्या टाकीचंच देऊळ होतं म्हणा ना!

आता तेलाची गोष्ट. बुरगानला तेल लागलं ते १९३८ मध्ये. जगातल्या सर्वांत मोठ्या तेलसाठ्यांत ते दुसऱ्या क्रमांकाचं गणलं जातं. पण लगेच महायुद्ध आलं, विहिरी बंद करून ठेवाव्या लागल्या आणि पहिलं तेल बोटीने बाहेर गेलं १९४६ साली. त्याआधीचं कुवेत गरीब होतं. उन्हाळ्याचे चार महिने पुरुषमंडळी मोती काढायला समुद्रावर जायची. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून बुडी मारायची. बोटीच्या प्रमुखाला तिथे ‘नाखोदा’ म्हणतात. आपला कोकणातला नाखवा आठवला की नाही? घरी राहिलेल्या बायका परतीच्या दिवसांत किनाऱ्यावर जमून, आता आमची माणसं परत कर, अशी समुद्राची विनवणी करत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारी कोळीण आणि ती कुवेती बाई, दोघींच्या पोटातला गोळा एकच. पुढे जपानचे कृत्रिम मोती बाजारात आले, त्यातच जगभर मंदी आली आणि १९३० नंतर तो धंदा बुडाला.

आणि मुंबईशी यांचं नातं किती जुनं! खजूर भरलेली कुवेती गलबतं मुंबईला लागायची. परतीला मलबारचं सागवान, तांदूळ, मसाले न्यायची. १९६१ सालापर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालायचा. शेवटची दोन वर्षं तर आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळे रुपये छापले होते. १९६१ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, दिनार आला तेव्हा एका दिनारला तेरा रुपये तेहेतीस पैसे पडत. आज अडीचशेच्या वर पडतात! जुने कुवेती अजूनही लोणच्याला ‘अचार’ म्हणतात, पंख्याला ‘बंका’ आणि सरळ जा म्हणायला ‘सीदा’. पहिल्यांदा टॅक्सीवाल्याला एका म्हाताऱ्या कुवेतीने ‘सीदा, सीदा’ म्हटलेलं ऐकलं तेव्हा मी गाडीत खुदकन हसले होते.

पैसा आल्यावर उधळला नाही, हेही सांगायला हवं. १९५३ मध्येच तेलाच्या उत्पन्नातली शिल्लक परदेशात गुंतवायला सुरुवात झाली आणि १९७६ पासून पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी काढला. बरीच वर्षं दर वर्षाच्या उत्पन्नातले दहा टक्के त्यात न चुकता टाकले जात. डाळीच्या डब्यात नोट दडवणाऱ्या गृहिणीला हे वेगळं समजवायला नको. २ ऑगस्ट १९९० ला इराकने देश गिळला तेव्हा परागंदा सरकारला हाच डबा उपयोगी पडला.

त्या दिवसांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आखातात संसार मांडणारीने ते ठाऊक करून घ्यावं. एका रात्रीत बँका बंद, फोन बंद. पुढे इराकने दिनारच रद्द करून टाकला. ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षं साठवलं, त्यांच्या हाती कागद उरले. आपली माणसं बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोचली, तिथल्या छावण्यांत उन्हात राहिली आणि एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून जवळजवळ १ लाख ७० हजार लोकांना घरी आणलं. माझ्या थोरल्या जाऊबाई तेव्हा भावाची वाट बघत सहार विमानतळावर रोज जायच्या. तो उतरला तेव्हा हातात फक्त एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात पासपोर्ट, नोकरीचा करार आणि बँकेचं पासबुक. जाऊबाई म्हणाल्या, “अरे, कपडे तरी आणायचे!” पण पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचे अर्ज मागवले, तेव्हा त्या पिशवीतलेच कागद कामी आले. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत सुटलं. जाताजाता इराकी सैन्याने सहाशेवर तेलविहिरी पेटवल्या, त्यांतली शेवटची विझली ६ नोव्हेंबरला.

तर सांगलीच्या ताई, पहिली गोष्ट ही. करार, पासपोर्ट, पदव्या, लग्नाचा दाखला, सगळ्याच्या प्रती काढून एक जोड माहेरी ठेवा.

दुसरी, पगाराची. सहाशे दिनार म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये. ऐकायला भरघोस वाटतं, पण रुपयांत हिशेब करू नका. दिनारात करा. भाडं, मुलीच्या शाळेची फी (केंद्रीय बोर्डाच्या भारतीय शाळा आहेत आणि चांगल्या आहेत), शाळेची बस, वर्षातून एकदा येण्याजाण्याची तिकिटं हे सगळं मांडून बघा. आणि मुख्य म्हणजे, कुटुंब नेण्यासाठी २०२४ मध्ये सरकारने महिना आठशे दिनार पगाराची अट घातली. काही व्यवसायांना सवलती असतात, नियमही वरचेवर बदलतात. पण “वहिनी, सगळं होईल” यावर विसंबून कायम नोकरीचा राजीनामा देऊ नका. कुटुंबाचा व्हिसा मिळेल की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या. तो एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, तेही बघा. आम्ही गेलो तेव्हा आमच्या एजंटाने तीन खोल्यांचं घर सांगितलं होतं. प्रत्यक्षात दीड निघालं, आणि अर्धी खोली म्हणजे बाल्कनी!

राहायला कुठे देणार हेही विचारायला लाजायचं नाही. १२ जून २०२४ ला मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागून पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यात चाळीसहून अधिक आपली. ‘कंपनीची राहण्याची सोय’ या शब्दांमागे काय आहे, एका खोलीत किती जण, हे ह्यांनी आधी विचारावं. आपल्या गावातून कुणी घरकामाला जात असेल तर तिलाही सांगा, २०१५ च्या कायद्याने तिला आठवड्याची सुट्टी आहे आणि तिच्या संमतीवाचून मालकाला तिचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. कायदा आहे म्हणजे सगळीकडे पाळला जातो असं नव्हे, पण हक्क माहीत तरी हवा.

बाईमाणसाला कसं वाटेल? मला मोकळं वाटलं. डोकं झाकायची सक्ती नाही, अंगभर साधे कपडे पुरतात. कुवेती बायका सर्रास गाडी चालवतात, कचेऱ्यांत वरच्या खुर्च्यांवर बसतात. मताचा अधिकार त्यांना २००५ मध्ये मिळाला, २००९ ला चौघी निवडून आल्या. (मे २०२४ मध्ये मात्र अमीरांनी ती संसदच बरखास्त केली.) दारूला सक्त बंदी आहे. ते एक बरंच आहे म्हणा!

उन्हाळा मात्र विचारू नका. २०१६ च्या जुलैत मित्रिबा नावाच्या ठिकाणी ५३.९ अंश नोंदलं गेलं होतं. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई असते. पहिल्या उन्हाळ्यात मी थंड पाण्याचा नळ सोडला आणि हात पोळला! शेजारच्या मंगळूरच्या बाईंनी युक्ती सांगितली. मे महिन्यात गिझर बंद करायचा, म्हणजे घरातल्या टाकीतलं ते पाणी निवतं. मग आंघोळीला ‘गरम’चा नळ सोडायचा आणि ‘थंड’चा विसरायचा. गच्चीवर पापड दोन तासांत वाळतात, पण धुळीचं वादळ आलं की त्यांना वाळूची फोडणी बसते. तेव्हा खिडक्यांच्या फटींना ओले पंचे लावायचे.

स्वयंपाकघराचं काही अडत नाही. प्रत्येक वस्तीत ‘जमिया’ म्हणून सहकारी भांडार असतं, आपल्या अपना बाजारसारखं. मासे खाणाऱ्यांची तर चैन! कुवेतींचा लाडका ‘झुबैदी’ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपलं पापलेट. त्यांचा मजबूस, म्हणजे मसाल्यात शिजवलेला मांसाचा भात, वाळवलेल्या काळ्या लिंबामुळे खमंग लागतो. ती लिंबं आमटीत टाकून बघा, आमसुलाची उणीव भासणार नाही.

सामान बांधताना मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ खुशाल घ्या. खसखस मात्र एक दाणाही नको. आखातात अनेक देशांत ती अमली पदार्थांत धरतात आणि तिच्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. दिवाळीला अनारशांवर मी तीळ लावायची. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि कुणी विमानतळावर “एवढं पुडकं माझ्या भावाला द्याल का?” म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

तेव्हा ताई, माझं मत विचाराल तर ह्यांना पुढे जाऊ द्या. तुम्ही शाळेत बिनपगारी रजा मिळते का ते विचारा, आणि परवानगी मिळाली तर नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन पाहुण्या म्हणून जाऊन या. डिसेंबरात तिथे स्वेटर लागतो, तो न्यायला विसरू नका.