शेतात शून्य गोगलगायी? थांबा!

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. मूळची पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय १८४७ मध्ये विल्यम बेन्सनने मॉरिशसहून कोलकात्यात आणून सोडली.

एवढ्या होतात कशा? नर-मादी एकाच अंगात, तरी जोडीदार लागतोच. पण एकदा मीलन झालं की शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवता येतात, आणि एका खेपेला ओल्या मातीत शंभरावर अंडी! म्हणजे रोपांच्या मातीतून एकच गेली तरी पुरे.

कोरड्या दिवसांत ती शंखाचं तोंड पातळ पडद्याने बंद करून मातीत पडून राहते. म्हणून मे महिन्यात 'शेतात गोगलगाय नाही' असं लिहिणं धाडसाचं. पावसाळ्यातही ती निशाचर, दुपारच्या मोजणीत शून्यच येणार.

समजा, उत्रोलीच्या एखाद्या बांधावर मोजणी करायची आहे. संध्याकाळी ओलं गोणपाट टाका, पहाटे उचलून मोजा. जागा आणि वेळ दरवेळी तीच ठेवा. हातमोजे मात्र हवेतच, कारण तिच्यात उंदरांच्या फुफ्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात.