वराहगृहातील झुंजी आणि माद्यांचे उलटणे

वाशीम जिल्ह्यातील आसेगावचा परिसर हा कोरडवाहू शेतीचा टापू होय. सोयाबीन-तुरीच्या उत्पन्नास पशुपालनाची जोड देऊ इच्छिणाऱ्यांसाठी, २०२१ साली फेररचना झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या व १० नरांच्या वराहपालन प्रकल्पास पन्नास टक्के, कमाल ३० लाख रुपये, भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. उरलेला भार बहुधा कर्जाचा, आणि त्याची फेड पिलांच्या संख्येवर अवलंबून. ही संख्या घटविणारे एक कारण सहसा ध्यानात येत नाही. ते म्हणजे एका आवारातील माद्यांची आपसातील झुंज.

अनोळखी माद्या एकत्र आल्या की वरचढ कोण, हे चावाचावीनेच ठरते. एक-दोन दिवसांत क्रम ठरून कळप शांत होतो. परंतु गव्हाण अपुरी असल्यास दुबळी मादी प्रत्येक खुराकाच्या वेळी मागे लोटली जाते व खंगत जाते.

गाभण मादीची हानी याहून मोठी. वराहाचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. भरविल्यानंतर साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात गर्भ गर्भाशयाच्या भित्तीशी जोडले जात असतात. या काळात झुंज, भीती व उपासमार घडल्यास काही गर्भ नष्ट होऊन वेतातील पिले घटतात; सर्वच गेल्यास मादी उलटते. उलटण्याचा दिवस येथे बोलका ठरतो. माजाचे चक्र २१ दिवसांचे असल्याने त्याच सुमारास उलटलेल्या मादीत बहुधा गर्भधारणाच झालेली नसते. पंचवीस ते पस्तीस दिवसांनी उलटल्यास गर्भ राहून गेला असण्याचा संभव अधिक. दोन्ही प्रसंगी ठपका मात्र नरावर येतो. नर बदलण्यात पैसा जातो, आवारातील झुंज तशीच राहते.

गाभण मादीस सर्व काळ एकटी कोंडणे हा यावरील मार्ग नव्हे. युरोपीय संघाने २०१३ पासून, भरविल्यानंतर चार आठवड्यांपासून विण्यापूर्वीच्या आठवड्यापर्यंत तिला कळपातच ठेवणे बंधनकारक केले आहे. महत्त्व आहे ते वेळेला. पिले तोडताच, अथवा भरविल्यानंतर पाच आठवडे उलटल्यावर माद्या एकत्र कराव्यात. पहिलटकरणींचा गट निराळा असावा. जुन्या कळपात एकटी नवी मादी सोडू नये. पळून आडोशाला जाता येईल अशी भिंत, न घसरणारी जमीन आणि सर्वांना एकाच वेळी खाता येईल एवढी गव्हाण, एवढ्यानेही इजा बऱ्याच कमी होतात.

भरविल्याची, गट बदलल्याची व उलटल्याची तारीख वहीत शेजारी-शेजारी लिहिलेली असल्यास पशुधन विकास अधिकाऱ्यास निदान सोपे जाते. गट न बदलताही माद्या उलटत असतील, तर संसर्गजन्य गर्भपाताच्या शंकेने रक्तनमुने तपासणीस पाठवावे लागतात.