मनालाही लस टोचता येते

जेवण झालं की दात घासावेत, या सल्ल्याशी कोण वाद घालेल? १९६१च्या सुमारास अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी प्रयोगासाठी मुद्दाम असेच निर्विवाद विचार निवडले. लहानपणापासून सगळे जे खरं मानत आले आणि ज्यावर कोणी कधी शंका घेतली नाही, असे. मग त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला. सारखे दात घासल्याने दातांचं नुकसान होतं, असं शास्त्रीय थाटात पटवून देणारा. एवढ्याने त्या मुलांची जन्मभराची खात्री डळमळली!

मॅकग्वायर यांचं निदान मोठं मार्मिक होतं. ज्या विचाराला कधी विरोधच झाला नाही, त्याची बाजू मांडायची वेळही कधी आलेली नसते. तो पक्का वाटतो, पण त्याच्याकडे स्वतःला वाचवायचं हत्यार नसतं. म्हणून त्यांनी पुढची पायरी गाठली. एका गटाला दात घासण्याच्या बाजूचे भरपूर मुद्दे आधीच वाचायला दिले. दुसऱ्या गटाला विरोधातले थोडे मुद्दे दाखवले आणि ते कुठे फसतात, हेही तिथल्या तिथे समजावलं. नंतर दोन्ही गटांच्या हातात तो दिशाभूल करणारा लेख ठेवला. नुसत्या चांगल्या मुद्द्यांवर वाढलेला पहिला गट बराचसा ढासळला. दुसरा टिकला. इतकंच काय, आधी कधीच न दाखवलेले नवे आक्षेप समोर आले, तरी या दुसऱ्या पद्धतीने तयार झालेली मनं तग धरून राहिली.

ही कल्पना मॅकग्वायर यांना सुचली होती ती थेट लसीवरून. लशीत आपण काय करतो? रोगजंतू मारून किंवा दुबळा करून, कधी त्याचा नुसता एक तुकडा, शरीराला दाखवतो. शरीर त्यावरून प्रतिपिंडं बनवायला शिकतं आणि तो धडा काही पेशी जपून ठेवतात. किती काळ? २००८ साली शास्त्रज्ञांनी १९१८च्या इन्फ्लुएंझा साथीतून वाचलेल्या ३२ वृद्धांचं रक्त तपासलं. त्या साथीला नव्वद वर्षं होऊन गेली होती. तरीही त्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं सापडली! त्या वेळी लहान असलेली मुलं नव्वदी ओलांडून गेली आणि त्यांच्या शरीराने तो शत्रू लक्षात ठेवला होता.

हाच नियम मनालाही लागू पडावा, याचं मला मोठं नवल वाटतं. खोट्याची छोटी, निष्प्रभ मात्रा आधी मिळाली, तर मन खऱ्याखुऱ्या हल्ल्याला तोंड द्यायला तयार होतं. म्हणजे लशीविषयीच्या अफवेवरचा उताराही लशीच्याच तत्त्वात दडलेला आहे.

आणि हे तत्त्व आपल्या खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांत, अंगणवाड्यांत रोजच्या कामाचा भाग आहे. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लशीची सुई दिल्यावर नर्सताईंनी आईला चार गोष्टी सांगायच्या असतात : आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून वाचवते, पुढचा डोस कधी आणि कुठे, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचं, आणि कार्ड नीट जपून ठेवायचं. त्यातली तिसरी गोष्ट नीट ऐका. "आज रात्री बाळाला ताप येऊ शकतो हां. टोचलेली जागा लाल होईल, सुजेल. तिथं काही लावायचं नाही, चोळायचं नाही. औषध सांगितलंय तेवढंच पाजायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. ताप उतरला नाही, तर आशाताईंना लगेच कळवायचं."

रात्री बाळाचं अंग खरंच तापतं. या लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले पूर्ण जंतू असतात. त्यांना पाहून प्रतिकारशक्ती कामाला लागते, मेंदूपर्यंत रासायनिक निरोप धाडते आणि शरीराचं तापमान चढतं. घरातली वडीलधारी बाई म्हणते, "हसतंखेळतं पोर होतं, कशाला नेलंस टोचायला?" ज्या आईला ताईंनी आधी सांगून ठेवलंय, तिच्याजवळ उत्तर असतं : हे होणार हे मला माहीत होतं. जिला कोणी काहीच सांगितलं नाही, तिच्यासाठी तोच ताप पुरावा बनतो. सकाळी पाणवठ्यावर आणि व्हॉट्सॲपवर पोचते ती या दुसऱ्या घरातली गोष्ट. ताप दोन्हीकडे सारखाच होता. फरक पडला तो अर्ध्या मिनिटाच्या बोलण्याने.

अफवा अशी बहुतेक वेळा खऱ्या अनुभवाच्याच खांद्यावर बसून येते. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की आपलं मन त्यांची गाठ मारतं. या सवयीनेच माणूस विषारी फळं ओळखायला शिकला. पण तान्ह्या मुलांच्या बाबतीत ती फसवते. गोवराची लस देण्याचं वय आणि स्वमग्नतेची लक्षणं आईबापांच्या ध्यानात येऊ लागण्याचं वय साधारण एकच. लाखो मुलांना लस दिली, तर त्यांतल्या काहींची लक्षणं लशीनंतरच्या आठवड्यात दिसणारच, लस दिली नसती तरी दिसलीच असती. १९९८ साली ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांच्या आधारे लिहिलेल्या निबंधात असाच संबंध सुचवला. तो निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा वर्षानुवर्षांचा तपशील तपासून २०१९ साली निष्कर्ष आला : लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता वाढलेली नाही.

मग असे आकडे आईबापांपुढे ठेवले की काम झालं? इथे मन पुन्हा चकित करतं. २०१४ साली अमेरिकेत १,७५९ पालकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. लशीने स्वमग्नता होत नाही, ही माहिती वाचल्यावर पालकांचा तो गैरसमज खरोखर कमी झाला. पण ज्यांच्या मनात लशीविषयी मुळात सगळ्यांत जास्त अढी होती, त्यांची पुढच्या बाळाला लस देण्याची तयारी मात्र आणखी घटली. एक शंका काढून घेतली, तर मनाने दुसऱ्या शंका पुढे केल्या. त्यांच्या अविश्वासाचं मूळ त्या माहितीच्या खाली, आणखी खोल होतं.

तिथवर पोचायला संभाषण लागतं, आणि संभाषणाचेही नियम मोजता येतात. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल भागात डॉक्टर आणि पालक यांच्यातली १११ संभाषणं चित्रित करून अभ्यासण्यात आली. काही डॉक्टरांनी सुरुवात केली ती अशी : "आज बाळाच्या अमुक लशी द्यायच्या आहेत." काहींनी विचारलं : "मग लशींचं काय करायचं म्हणता?" पहिल्या वाक्यानंतर २६ टक्के पालकांनी नकाराचा सूर लावला, दुसऱ्यानंतर ८३ टक्क्यांनी. एका वाक्याने पडलेला हा फरक! अर्थात ज्यांच्या मनात आधीच शंका आहेत, त्यांना डॉक्टर मोघम विचारत असण्याचीही शक्यता आहे. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. नकार ऐकूनही ज्या डॉक्टरांनी विषय सोडला नाही, आपला सल्ला पुन्हा मांडला, त्यांच्या समोरचे जवळजवळ निम्मे, ४७ टक्के पालक राजी झाले. पहिला नकार हा बऱ्याचदा प्रश्नच असतो. "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" एवढं विचारून गप्प बसायचं, पूर्ण ऐकायचं आणि मग, "मला याबद्दल जे माहीत आहे ते सांगू का?" असं म्हणून परवानगी घ्यायची. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बाळंतिणीच्या खाटेशी बसून असं बोलायला माणसं तयार केली गेली आणि त्या बाळांचं लसीकरण वाढलं.

या सगळ्याची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती आपल्याच देशात. २००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले बहुतांश उत्तर प्रदेशात. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गरीब मुस्लिम वस्त्यांत बोलवा पसरली होती, की हे थेंब पाजले तर मुलं पुढे निपुत्रिक होतील. बाहेरून ऐकणाऱ्याला ही अफवा खुळचट वाटेल. पण तिथल्या लोकांनी आणीबाणीतली नसबंदीची सक्ती पाहिली होती. सरकारी माणूस दारात येतो तो मूलबाळ बंद करायला, ही भीती अनुभवातून आलेली होती. शिवाय ते एक साधा सवाल करत. गटारं तुंबलेली, पाणी गढूळ, तापावर गोळी मिळत नाही, आणि या एकाच औषधासाठी मात्र माणसं पुन्हा पुन्हा दारात का येतात?

उत्तर द्यायला त्याच गल्लीतल्या बाया पुढे आल्या. हजारो स्थानिक कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. घरात गरोदर कोण, तान्हं बाळ कुठे, नकार कोणाचा आणि कशासाठी, हे त्यांच्या वहीत नोंदलेलं असे. थेंब मिळालेल्या बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लागे. घरातली सगळी मुलं झाली, की दारावर खडूने इंग्रजी 'पी' लिहिला जाई. मूल राहिलं किंवा नकार आला, तर 'एक्स'. त्या एक्सच्या दारांवर पुन्हा जायचं, कधी मौलवींना घेऊन, कधी ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन. मशिदींच्या भोंग्यांवरून लसीकरणाची तारीख सांगितली जाई. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया इस्लामिया या संस्था सोबत उभ्या राहिल्या. आणि उत्तर प्रदेश-बिहारमधल्या सर्वाधिक धोक्याच्या १०७ तालुक्यांत थेंबांच्या जोडीला हात धुणं, स्वच्छता, स्तनपान, जुलाबावर क्षारसंजीवनी आणि झिंक यांवरही काम सुरू झालं. लोकांच्या सवालाला हे खरं उत्तर होतं. २००९ साली देशात अजून ७४१ रुग्ण होते. जानेवारी २०११मध्ये हावड्यातल्या एका चिमुरडीला पोलिओ झाला, तो भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

या मोहिमेला थेंब पुरवणाऱ्यांत मुंबईतल्या परळची हाफकिन संस्थाही होती, आणि त्या संस्थेच्या इतिहासात आणखी एक अवघड धडा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी त्याच शहरात प्लेगवरची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लस लाखोंपर्यंत पोचली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वातानं दगावले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले! सरकारने हाफकिन यांना निलंबित केलं. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे आलं. पण निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. अनर्थ खरा होता. त्याचं कारण वेळेवर आणि उघडपणे सांगितलं गेलं असतं, तर लोकांनाही ते कळलं असतं. म्हणून "लशीने काहीच होत नाही" असं डॉक्टरांनी कधी म्हणू नये. काय होऊ शकतं, किती विरळा होतं, झालं तर कोण बघणार, हे सांगावं. खरं सांगणाऱ्याचाच शब्द अफवेच्या दिवशी चालतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. मनाची ही प्रतिकारशक्तीही काळाने उतरते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सँडर व्हॅन डर लिंडेन आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षं मॅकग्वायर यांची कल्पना आजच्या समाजमाध्यमांवर आजमावताहेत, आणि त्यांना हेच दिसलं : उजळणी झाली नाही, तर संरक्षण विरत जातं. बूस्टर इथेही लागतो. दीड महिन्याला, अडीच महिन्यांना, साडेतीन महिन्यांना, नवव्या महिन्याला आई बाळाला घेऊन येते, तेव्हा तेव्हा ताईंचं ते अर्ध्या मिनिटाचं बोलणं पुन्हा व्हायला हवं.

त्यासाठी ताईंना वेळ हवा. लशीची पेटी कारखान्यापासून पाड्यापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी म्हणून आपण शीतसाखळी उभी केली, बर्फाच्या पिशव्या मोजल्या, तापमान वहीत उतरवलं. पण रांगेत पन्नास बायका आणि टेबलावर एकटी नर्स असेल, तर ते बोलणंच आधी गळतं आणि बाळ अर्धीच लस घेऊन घरी जातं. आरोग्य खात्याने लसीकरणाच्या प्रत्येक सत्रात एक माणूस फक्त बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी नेमावा. मनाला लस टोचायला सुई लागत नाही. ओळखीचं, खरं बोलणारं माणूस लागतं, आणि तशी माणसं आपल्या गावोगावी आशाताई, नर्सताई म्हणून आधीच कामाला आहेत.