अमृतसरचे फाळणी संग्रहालय : घराघरांतील स्मृतींतून उभा राहिलेला इतिहास

भारताच्या फाळणीच्या स्मृतींना वाहिलेले संग्रहालय अमृतसर येथील जुन्या टाऊन हॉलमध्ये १७ ऑगस्ट २०१७ रोजी औपचारिकरीत्या खुले करण्यात आले. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या स्थलांतरांपैकी एक असलेल्या या घटनेसाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहण्यास सत्तर वर्षे लागली. या संग्रहालयाचे वेगळेपण त्याच्या संग्रहात आहे. येथील बहुसंख्य वस्तू राजघराण्यांच्या खजिन्यातून अथवा उत्खननातून आलेल्या नाहीत. त्या सामान्य कुटुंबांनी आपल्या घरातून आणून दिल्या आहेत. त्यांच्याबरोबर आल्या आहेत त्या कुटुंबांच्या ध्वनिमुद्रित आठवणी.

सर्वसाधारण संग्रहालयात व्याख्याने, विद्यार्थ्यांच्या सहली वा स्मृतिदिन हे पूरक उपक्रम मानले जातात. अमृतसरमध्ये मात्र लोकांशी संवाद साधणारे कार्यक्रम हाच संग्रहाचा मूळ स्रोत आहे. हा स्रोत आता वेगाने आटत चालला आहे. १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल २०२७ मध्ये, म्हणजे फाळणीला ८० वर्षे पूर्ण होतील तेव्हा, नव्वदीत असेल.

अमृतसरच का?

शिखांचे चौथे गुरू रामदास यांनी सोळाव्या शतकात वसविलेले अमृतसर हे पंजाबच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. लाहोर येथून अवघ्या सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. दोन्ही शहरांत रोज ये-जा करणारे व्यापारी, विद्यार्थी आणि नोकरदार होते. १९४१ च्या जनगणनेनुसार अमृतसरच्या लोकसंख्येत जवळपास निम्मे नागरिक मुस्लीम होते. शहरातील ‘कटरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाजारपेठांमध्ये हिंदू, मुस्लीम आणि शीख समाजांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते.

पंजाबचे पंतप्रधान खिज्र हयात तिवाना यांनी २ मार्च १९४७ रोजी राजीनामा दिल्यानंतर लाहोर, अमृतसर, रावळपिंडी आणि मुलतान येथे हिंसाचार उसळला. अमृतसरच्या तटबंदीच्या आतील मोठा भाग आगीत भस्मसात झाला. सीमा निश्चित करण्याचे काम सर सिरिल रॅडक्लिफ या ब्रिटिश विधिज्ञाकडे सोपविण्यात आले. त्यापूर्वी ते भारतात कधीही आले नव्हते. ८ जुलै रोजी ते भारतात दाखल झाले आणि सुमारे पाच आठवड्यांत त्यांनी निवाडा पूर्ण केला. तो प्रसिद्ध झाला १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतर. स्वातंत्र्याच्या दिवशी सीमेवरील अनेक गावांना आपण कोणत्या देशात आहोत हे अधिकृतपणे ठाऊक नव्हते. संग्रहालयाने आपल्या स्मृतिदिनासाठी १७ ऑगस्ट ही तारीख निवडली, त्यामागे हे कारण आहे.

या उलथापालथीत सुमारे सव्वा ते दीड कोटी लोक विस्थापित झाले, असे मानले जाते. मृतांच्या संख्येबाबत इतिहासकारांत एकमत नाही. दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि त्याहूनही अधिक असे अंदाज व्यक्त करण्यात आले आहेत. पश्चिम पंजाबातून येणारे निर्वासितांचे तांडे आणि रेल्वेगाड्या यांच्यासाठी अमृतसर हे भारतातील पहिले मोठे ठाणे ठरले. त्याच वेळी शहरातील मुस्लीम समाज जवळपास पूर्णपणे लाहोर आणि त्यापलीकडे निघून गेला.

इमारतीचाही इतिहास

सुवर्णमंदिराकडे जाणाऱ्या मार्गावरील टाऊन हॉल ही एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिशकालीन वास्तू आहे. १० एप्रिल १९१९ रोजी डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांच्या अटकेनंतर झालेल्या उद्रेकात या वास्तूलाही आग लावण्यात आली होती. तीनच दिवसांनी, १३ एप्रिल रोजी, येथून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. आता शहराची वारसा पदयात्राही याच टाऊन हॉलपासून सुरू होऊन किला अहलुवालिया आणि जुन्या गल्ल्यांमधून सुवर्णमंदिरापर्यंत जाते.

‘द आर्ट्स अँड कल्चरल हेरिटेज ट्रस्ट’ या न्यासाने पंजाब सरकारच्या सहकार्याने हे संग्रहालय उभारले. लेखिका किश्वर देसाई या न्यासाच्या अध्यक्षा आहेत. संग्रहालयाचा काही भाग ऑक्टोबर २०१६ मध्ये खुला करण्यात आला आणि पुढील वर्षी संपूर्ण संग्रहालय सुरू झाले. १४ दालनांतून फाळणीपूर्व पंजाबचे जीवन, राजकीय घडामोडी, दंगली, स्थलांतर, निर्वासित छावण्या आणि पुनर्वसन असा क्रम मांडण्यात आला आहे. छायाचित्रे, वृत्तपत्रांची कात्रणे आणि शासकीय कागदपत्रे यांच्या जोडीला प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्यांची कथने पडद्यावर ऐकता येतात. २०१९ मध्ये जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीनिमित्त संग्रहालयाने तयार केलेले प्रदर्शन इंग्लंडमधील मँचेस्टर संग्रहालयातही मांडण्यात आले होते.

चामडी पेटी आणि फुलकारीचा कोट

संग्रहालयातील सर्वाधिक परिचित वस्तूंमध्ये एक चामडी पेटी आणि फुलकारीच्या भरतकामाचा एक कोट यांचा समावेश होतो. या दोन वस्तू एका दांपत्याच्या आहेत. फाळणीपूर्वी त्यांचा विवाह ठरला होता, परंतु हिंसाचारात दोन्ही कुटुंबांची ताटातूट झाली. तरुणाने प्रमाणपत्रे आणि मालमत्तेचे कागद पेटीत घेऊन सीमा ओलांडली, तर तरुणीने आपला आवडता कोट बरोबर आणला. अमृतसरच्या निर्वासित छावणीत अन्नासाठी लागलेल्या रांगेत दोघांची पुन्हा भेट झाली आणि १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला.

घर सोडताना कागदपत्रांची पेटी उचलण्यामागे व्यावहारिक शहाणपण होते, हे पुढील घडामोडींवरून स्पष्ट होते. पश्चिम पंजाबात हिंदू आणि शीख शेतकऱ्यांनी सुमारे २७ लाख हेक्टर जमीन मागे सोडली होती. पूर्व पंजाबात मुस्लीम शेतकऱ्यांनी सोडलेली जमीन मात्र सुमारे १९ लाख हेक्टर इतकीच होती. ही तूट भरून काढण्यासाठी पुनर्वसन विभागाचे प्रमुख सरदार तरलोक सिंग यांनी जमिनीच्या कसानुसार ‘प्रमाण एकर’ हे माप निश्चित केले आणि चढत्या क्रमाने कपात लागू केली. लहान शेतकऱ्यांच्या दाव्यात २५ टक्के, तर ५०० एकरांवरील धारणेत ९५ टक्क्यांपर्यंत कपात करण्यात आली.

मार्च १९४८ पर्यंत सुमारे पाच लाख दावे दाखल झाले होते. त्यांची छाननी करण्यासाठी एकाच गावातून आलेल्या निर्वासितांची सभा बोलावली जाई. अधिकारी प्रत्येक दावा मोठ्याने वाचून दाखवीत आणि जमलेले गावकरी तो मान्य करीत, दुरुस्त करीत किंवा फेटाळून लावीत. शेजाऱ्याच्या शेताची हद्द कोठे होती, विहीर कोणाच्या वाट्याची होती, हे ज्यांना तोंडपाठ होते त्यांच्याच साक्षीवर हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरले. सामूहिक स्मरणशक्ती हा त्या काळी पुरावा होता. सात दशकांनंतर संग्रहालय लोकांना आठवणी सांगण्याचे आवाहन करते, तेव्हा या जुन्या परंपरेचाच एका अर्थाने विस्तार होत असतो.

जे बोलले गेले नाही

फाळणीविषयी सर्वच कुटुंबे मोकळेपणाने बोलत नव्हती. अनेक घरांत हा विषय वर्ज्य होता. अपहृत महिलांच्या बाबतीत हे मौन अधिक गडद होते. दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे पाऊण लाख महिलांचे अपहरण झाले असावे, असा अंदाज आहे. त्यांना परत आणण्यासाठी डिसेंबर १९४७ मध्ये उभय देशांत करार झाला आणि १९४९ मध्ये भारतात कायदा संमत करण्यात आला. या मोहिमेत मृदुला साराभाई यांनी महत्त्वाची भूमिका बजावली. परत आलेल्या काही महिलांना कुटुंबांनी स्वीकारले नाही, तर काहींची परत येण्याची इच्छा नव्हती. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा येथे अनेक शीख महिलांनी विहिरीत उड्या घेऊन जीवन संपविले. अमृतसरच्या संग्रहालयात उभारलेली विहिरीची प्रतिकृती अशाच महिलांचे स्मरण करून देते.

लेखिका उर्वशी बुटालिया यांनी १९९८ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ या ग्रंथात सर्वसामान्यांच्या मौखिक कथनांना इतिहासलेखनाच्या केंद्रस्थानी आणले. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘१९४७ पार्टिशन अर्काइव्ह’ या उपक्रमाने अनेक देशांतून दहा हजारांहून अधिक मुलाखती संकलित केल्या आहेत. अमृतसरचे संग्रहालय या प्रयत्नांच्या मालिकेतील पुढचा टप्पा म्हणता येईल.

आठवण आणि पुरावा

वयोवृद्धांच्या आठवणींना इतिहास मानावे काय, असा प्रश्न उपस्थित केला जातो. स्मृती काळानुसार बदलते. बालपणी पाहिलेले आणि नंतर मोठ्यांकडून ऐकलेले यांची सरमिसळ होते. त्यामुळे मौखिक इतिहासाच्या क्षेत्रात काही पथ्ये पाळली जातात. कथन करणाऱ्याची संमती घेणे, सूचक प्रश्न टाळणे, स्थळ व काळ यांचे तपशील इतर कागदपत्रांशी ताडून पाहणे आणि वेदनादायक प्रसंगी मुलाखत थांबविण्याचा अधिकार कथन करणाऱ्याकडे ठेवणे, ही त्यांतील प्रमुख होत. दंगल कोणत्या तारखेला झाली हे शासकीय नोंदी अधिक अचूक सांगतात. परंतु घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे का दिली, काही दिवसांतच परत येऊ असे लोकांना का वाटत होते, हे केवळ आठवणींतूनच कळते.

वस्तूंमुळे या कथनांना आधार मिळतो. भांडे, कुलूप, पत्र किंवा शाल हातात घेतल्यावर अनेकांना विसरलेले तपशील आठवतात, असा या क्षेत्रातील अभ्यासकांचा अनुभव आहे. आंचल मल्होत्रा यांनी २०१७ मध्ये प्रकाशित केलेला ‘रेम्नन्ट्स ऑफ अ सेपरेशन’ हा ग्रंथ अशा वस्तूंच्याच आधारे लिहिला आहे. संग्रहालयाच्या अखेरच्या दालनात प्रेक्षकांना पानाच्या आकाराच्या कागदावर संदेश लिहून तो एका झाडाला लावता येतो.

सीमेपलीकडची बाजू

अमृतसर सोडून गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी प्रामुख्याने लाहोर आणि अन्य पाकिस्तानी शहरांत आहेत. त्यांच्याशिवाय या शहराचा इतिहास अपुरा राहतो. उर्दू कथाकार सआदत हसन मंटो हे अमृतसरमध्ये वाढले, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रमले आणि जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेले. या तीन शहरांपैकी कोणत्याही एकाला त्यांच्यावर पूर्ण हक्क सांगता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये कर्तारपूर मार्गिका खुली झाल्यानंतर फाळणीत दुरावलेल्या काही भावंडांची तेथे भेट झाली होती. मात्र एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर अटारी येथील तपासणी नाका बंद करण्याचा निर्णय भारताने घेतला आणि मे महिन्यात कर्तारपूर मार्गिकेवरील प्रवासही थांबविण्यात आला. भेटीगाठींचे मार्ग आक्रसतात, तेव्हा ध्वनिमुद्रित कथनांचे मोल साहजिकच वाढते.

महाराष्ट्राशी नाते

फाळणीचा इतिहास पंजाब आणि बंगालपुरता मर्यादित नाही. सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आश्रय देण्यात आला. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. मुंबईतील चेंबूर आणि शीव कोळीवाडा तसेच पुण्याजवळील पिंपरी येथेही निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या.

भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या कादंबरीचेही महाराष्ट्राशी नाते आहे. १९७० च्या दंगलीनंतर भिवंडीतील उद्ध्वस्त घरे पाहिल्यावर आपल्याला १९४७ च्या रावळपिंडीची आठवण झाली, असे त्यांनी नमूद केले आहे. गोविंद निहलानी यांनी या कादंबरीवर केलेली मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रसारित झाली आणि अनेक घरांत फाळणीचा विषय त्या निमित्ताने प्रथमच निघाला.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये १४ ऑगस्ट हा ‘विभाजन विभीषिका स्मृती दिन’ म्हणून घोषित केला. २०२३ मध्ये दिल्लीतील दारा शुकोह ग्रंथालयाच्या वास्तूत दुसरे फाळणी संग्रहालय सुरू झाले. तेथे सिंधसाठी स्वतंत्र दालन आहे. स्मृतिदिन आणि दालने यांमुळे विषयाला मान्यता मिळाली असली, तरी संग्रहाची वाढ अजूनही घराघरांवरच अवलंबून आहे. उल्हासनगर, चेंबूर वा पिंपरीतील एखाद्या जुन्या ट्रंकेत सिंधी लिपीतील दस्तऐवज असू शकतो. तो वाचून त्यामागची हकिकत सांगू शकणारी व्यक्ती घरात आहे तोवरच ती नोंदवून ठेवता येईल. त्यानंतर उरेल तो केवळ एक जुना कागद.