साडेबारा हजार किलोमीटर बसून जाताना

आपल्या भागातून अमेरिकेतील मुलाकडे, लेकीकडे जाणारे आई-वडील आता बरेच आहेत. पासपोर्ट, व्हिसा, लोणची-पापड यांची तयारी महिनाभर चालते. प्रकृतीची तयारी मात्र आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन ‘डॉक्टर, उलटीची गोळी द्या’ एवढीच असते. खरा प्रश्न उलटीचा नसून अंतराचा आणि वेळेचा आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात. परतताना वारा पाठीशी असल्याने थोडे कमी. तिकीट पाहून मात्र फसगत होते. उन्हाळ्यात रात्री १ वाजता मुंबई सोडणारे विमान तिकडच्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास पोचते. साडेसहा तासच झाले असे वाटते! प्रत्यक्षात न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. शरीर मात्र पुरते १६ तास बसलेले असते.

रक्ताची गुठळी

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसून राहिले की रक्त पायात साचते आणि शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार ४ तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही प्रमाण साधारण ६ हजारांत एक आहे. म्हणून घाबरू नये, पण गाफीलही राहू नये. हा नियम एस.टी., रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे. म्हणजे गावाहून मुंबईपर्यंतचे तासही यात धरावेत.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, पूर्वी गुठळी झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. विमानातील हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही विरळ हवेतला असतो. हृदयविकार व दम्याच्या रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे.

काय करावे?

वाटेकडेची जागा मागावी. दर तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी. बसल्या जागी टाचा-चवडे आलटून पालटून उचलावेत. पाणी वरचेवर प्यावे. लघवीला उठावे लागेल म्हणून तहान मारू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. इंग्रजीची अडचण म्हणून चाकाची खुर्ची घेणाऱ्यांनी विमानात तरी चालावे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये.

मधुमेहींसाठी

जाताना दिवस साडेनऊ-दहा तासांनी लांबतो. इन्सुलिन कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायचे हे तिकीट दाखवून डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन मोठ्या सामानात टाकू नये, तेथे ते गोठू शकते. सर्व औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत.

पोचल्यावर काही दिवस झोप बिघडेल. घड्याळ जुळायला शरीर तासाला साधारण एक दिवस घेते. दिवसा उजेडात फिरावे. मात्र पुढील काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपून राहू नये. मुलांना उठवावे, ९११ वर फोन करायला सांगावे.